सावरीखाली भूकंप बेंजो पार्टी

हर्षदच्या बँडनं त्याच्या सख्ख्या बहिणीच्या हळदीत एकही सूर वाजवला नाही.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जावं. असं काही झालेलं नाही. मे महिना आहे, दुपारचे चार वाजलेत, हळद सात वाजता आहे आणि भूकंप बेंजो पार्टी टेंपोतून उतरून डोंगराच्या पायथ्याशी सावरीच्या एका प्रचंड झाडाखाली उभी आहे. पार्टीत माणसं तीन. बेंजोवर हर्षद, ताशावर योगेंद्र आणि ढोलावर नागू. नागू वरच्या ठाकरवाडीतून चालत येणार होता आणि अजून आलेला नव्हता.

बँड कसा काढावा हे हर्षदला कर्जतच्या रोहिदासकाकांनी शिकवलं होतं. काकांनी वीस वर्षं लग्नांत बेंजो वाजवला होता आणि आता त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणजे माणूस अनुभवी. "नाव असं ठेव का नवरीचा बाप दचकला पायजे," हा पहिला सल्ला. "आधी जेव, मग वाजव. वाजवून झाल्यावर कोण इचारत नाय," हा दुसरा. आणि तिसरा, "नवी वाद्यं घरात वाजवू नको. शिवेवरच्या मोठ्या झाडाखाली पूजा कर, धूप भरपूर घाल, पयला ठोका तिथंच, आणि तिथनं सरळ मांडवात."

काकांचं घर बाजारपेठेत होतं. त्यांच्या ओळखीच्या झाडांवर फक्त कावळे असत.

तसं हे सगळं हर्षलाताईसाठीच चाललं होतं. सगळी भावकी डीजे डीजे करत असताना ती एकटी म्हणाली होती, "माझ्या हळदीला माझा भाव वाजवंल. त्याचा बेंजो वाजल्याबिगर मी पाटावर बसनार नाय." त्या रात्रीपासून हर्षदला नीट झोप नव्हती. स्वप्नात ताई पाटाशेजारी उभीच असायची आणि त्याच्या बेंजोला तारा नसायच्या.

योगेंद्रनं घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर धूप टाकला. धूर दाट झाला आणि सरळ वर गेला. वर, जाड फांदीला, कुणी काळी घोंगडी वाळत घातल्यासारखं काहीतरी लोंबत होतं. हर्षदनं त्यालाही नमस्कार केला. नारळ फोडला. योगेंद्रनं ताशावर पहिला ठोका दिला.

घोंगडी उसवली.

"आग्या मोहोळ हाय, पळू नका रं!" बांधावरून नागू ओरडला. "ताडपत्री घ्या अंगावर! खाली पडा!"

टेंपोतली ताडपत्री ओढेपर्यंत योगेंद्रला पाच आणि हर्षदला तीन डंख झाले होते. मग अंधार झाला. ताडपत्रीच्या कडा शरीराखाली दाबून दोघं पालथे पडले, मधे बेंजो. वरून दाणे सांडल्यासारखा आवाज आला आणि वाढत गेला. मग ताडपत्रीच गुणगुणायला लागली. ती गुणगुण हर्षदच्या दातांत शिरली.

"नागू," तो कुजबुजला, मग जरा मोठ्यानं, "नागू, काय करतायत रं त्या?"

"बसल्यात," लांबून आवाज आला.

"कुठं?"

"तुमच्यावर."

योगेंद्र लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. हर्षदनं त्याचं तोंड दाबलं.

"खालनं धूर कोनी दिला?" नागूनं विचारलं.

"पूजा केली रं."

"आमी मध काढतो तवा धूरच करतो. त्यांना काय वाटलं आसंल?"

"आमी हात जोडले होते!"

"त्यांना नाय समजत ते. गप पडा. दिवस बुडला का वर जातील."

"दिवस कधी बुडतो?"

"रोज बुडतो."

मे महिन्यात दिवस सातला बुडतो. हर्षदनं हे स्वतःलाच सांगितलं. हळदही सातलाच होती.

"नागू, ताईला फोन कर! थांब म्हणावं!"

"माझा फोन तुमच्या टेंपोत हाय. काल चार्जिंगला दिला व्हता."

"मग काढ ना!"

"टेंपो कुठंय?" नागू म्हणाला. "मला नुसत्या माश्या दिसतात."

सहा वाजता फोन वाजला. हर्षदचा. पूजेला गाणं लावायचं म्हणून तो बाहेर वायरनं मोठ्या स्पीकरला जोडून ठेवला होता आणि ताईसाठी त्यानं सनईची रिंगटोन लावली होती. सनई डोंगरावर आपटून परत आली. ताडपत्री एकदम जड झाली. घामानं भिजलेल्या त्याच्या ओठावर एक माशी चढली. कुठून आत आली कोण जाणे. ती डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत चालली, थांबली, विचार बदलला, परत निघाली. हर्षदनं श्वास सोडला नाही. आपण ओरडलो तर ताडपत्री उचलली जाईल, आणि मग योगेंद्रही जाईल, एवढंच त्याला कळत होतं.

ताईनं सहा वेळा फोन केला. सहाव्या सनईला माशी चावली. तो ओरडला नाही. नुसता बेंजोला घट्ट धरून राहिला.

मग फोन आलाच नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

पावणेआठला ते मांडवात पोचले. योगेंद्रचा एक डोळा मिटला होता. हर्षदचा ओठ बटाटावड्याएवढा झाला होता. मोहोपाड्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आलेल्या बायका सव्वासातपर्यंत थांबल्या होत्या आणि मग हळद लावून परत गेल्या होत्या. ताई पाटावरून उठली होती, पिवळी.

"मी नाय म्हनत व्हते रं," ती म्हणाली. "आत्यानं हाताला धरून बसवलं. सगळ्या बायका ताटं वाजवत व्हत्या." मग तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं. "आरं देवा, काय झालं रं हे?"

वाटीत उरलेली हळद तिनं बोटानं खरवडली आणि त्याच्या ओठाला लावली. फार झोंबली. त्याला तिला जे सांगायचं होतं ते त्या ओठातून बाहेर येईना.

म्हणून लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यानं ते लिहून ग्रामपंचायतीत नेऊन दिलं.

"प्रति, मा. ग्रामसेवक. विषय: लागलेली हळद रद्द करून नव्याने लावणेबाबत. महोदय, सदर हळदीचे वेळी अर्जदार हा वाद्यासह ताडपत्रीखाली निश्चल अवस्थेत होता, याचा पंचनामा नागू करून देईल. तरी दि. १४ रोजी लागलेली हळद ग्राह्य न धरता, वधूस सासरहून सन्मानाने परत बोलावून अविवाहित नोंदवावे, वऱ्हाडाने जेवलेले जेवण जेवले नाही असे समजावे, व दि. १४ चे सायंकाळचे सात पुन्हा एकदा वाजविण्यात यावेत, ही नम्र विनंती."