तिसरी टेस्ट आणि डावं चाक

सत्तावीस वर्षं मी कपडे शिवतेय. खडूची रेघ न मारताही माझी कात्री सरळ जाते. आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले ती चक्क सरळ रस्त्यावर! वळणावर नाही की चढावर नाही. सांगायचीसुद्धा लाज.

शिकवायला घरचेच मास्तर होते. आमचे हे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. मी गाडी सुरू केली की यांचंही सुरू व्हायचं, "अगं, डावीकडे चाललीस. स्टिअरिंग सरळ धर. लक्ष कुठंय तुझं?" सहा महिने हे ऐकून ऐकून मी स्टिअरिंग जरा उजवीकडे दाबून धरायला शिकले. तेव्हा कुठे यांनी मान डोलावली.

टेस्टची गाडी मात्र वेगळी. तिथे शेजारी बसलेले साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "बाई, गाडी उजवीकडे का नेताय?"

तिसरी टेस्ट गुरुवारी चारला होती. लेकीचे दिवस भरत आले होते आणि ती राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जावई फिरतीवर. यांना अंधार पडला की नीट दिसत नाही. म्हणजे तिचा अवेळी फोन आला तर जाणार कोण? मीच. आणि हे म्हणत होते, "या वेळी नाही जमलं, तर सोड हा नाद."

बुधवारी एक गिऱ्हाईक पँट दुरुस्तीला घेऊन आलं. डाव्या पायाची मोहरी, म्हणजे खालची कड, आतल्या बाजूने पार विरली होती. असं कापड आलं की मी माणसाची चाल बघते, खोट तिथेच असते. तो गेला, पाय ओढत. माझी नजर गेली दारातल्या आमच्या गाडीकडे. खाली वाकून पाहिलं, तर पुढचं डावं टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालेलं आणि बाहेरची नक्षी शाबूत.

"अहो, खोट गाडीच्या चालीत आहे," मी संध्याकाळी सांगितलं.

"बारा वर्षं चालवतोय मी. आता ढकल सगळं बिचाऱ्या गाडीवर."

गुरुवारी सकाळी मी यांना अक्षरशः ओढत व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेलं. मेकॅनिक आडव्या अंगाचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्याने टायरमधली हवा तपासली, गाडी रॅम्पवर घेतली, चारही चाकांना एकेक यंत्र अडकवलं आणि स्टिअरिंग सरळ ठेवून दांडा लावून पक्कं केलं. पडद्यावर आकडे उमटले. तीन चाकांचे हिरवे, पुढच्या डाव्याचा लालभडक.

"चाक बाहेर फाकलंय," तो म्हणाला. "स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडेच जाणार. चालवतं कोण?"

"मी," हे म्हणाले. "मला तर कधी जाणवलं नाही."

"तुम्ही नकळत उजवीकडे धरत असणार. सवय होते. फुटपाथला वगैरे आपटली होती का?"

"छे!"

मी यांच्याकडे नुसतं पाहिलं. यांचे कान तांबडे झाले. "म्हणजे... पहिल्याच दिवशी... हिला पार्किंगचं प्रात्यक्षिक दाखवताना..."

"दाणकन!" मी म्हटलं.

राग आणि हसू दोन्ही एकदमच आलं मला. सहा महिने मी स्वतःला बावळट समजत होते हो! मेकॅनिक गाडीखाली शिरला, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा नट सैल करून तो दांडा हळूहळू फिरवत राहिला. लाल आकडा हिरवा झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

हे ऐटीत गाडी घेऊन निघाले. चौकसुद्धा आला नसेल, गाडी उजवीकडे सरकायला लागली.

"अहो, उजवीकडे चाललात. लक्ष कुठंय तुमचं?"

यांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि माझं दार उघडलं. "चुकलं माझं. चालव तू." बत्तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द पहिल्यांदाच कानावर पडले. मी ते पुन्हा एकदा म्हणायला लावले.

सवय मलाही होतीच, माझीही गाडी उजवीकडे गेली. पण हात सैल सोडला की ती आपली आपण सरळ धावते, हे कळायला मला दोन फेऱ्या पुरल्या. चार वाजता साहेब म्हणाले, "सरळ घ्या." घेतली. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि मला रडू आलं.

नवव्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास लेकीचा फोन आला. मी किल्ली घेतली. हे बाळाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून शेजारी बसले आणि वाटभर एकदाही "लक्ष कुठंय तुझं?" म्हणाले नाहीत.

लेक बॅग घेऊन दारातच उभी होती. "बाबा, एवढ्या अंधारात कसे आलात?"

"मी कुठे आलो?" हे म्हणाले. "मला आणलं तुझ्या आईनं."