बिनपायांची मुंगी

मुंगीच्या डोक्यावर ज्या दोन मिशा असतात, त्यांना मधोमध कोपरासारखा बाक असतो. परसातल्या लिंबाच्या फांदीवरून चाललेल्या या तांबड्या मुंगीच्या मिशांना तो नव्हता. दोन्ही सरळ होत्या, टोकाकडे निमुळत्या, आणि मुंगी थांबली की त्याही थांबत होत्या.

बघूच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता आणि खांद्यावर ओली चादर. ती चादर दोरीवर पडायची ती खांद्यावरच राहिली.

कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण घरात सगळे तिला बघूच म्हणत. नवीन चप्पल घ्यायची का? बघू. ताईकडे चार दिवस राहायला जायचं का? बघू. एक चांगलं स्थळ आलं होतं तेव्हाही ती बघूच म्हणाली, आणि हिचं बघून होईपर्यंत त्या मुलाला दोन मुलं झाली, असं ताई अजून चारचौघांत सांगायची.

सध्या ज्या गोष्टीवर बघूचं 'बघू' चाललं होतं, ती चौदा महिन्यांची झाली होती. कॉलेजात तिला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई आता संग्रहालयातली कोळ्यांची खोली सांभाळत होत्या. तिथे तीन वर्षांचं काम निघालं होतं. या भागातले कोळी शोधायचे, ओळखायचे, नोंदवायचे. बाईंनी सर्वांत आधी तिला विचारलं. ती म्हणाली, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ते होऊ दे, मग बघू. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, चार घरं पलीकडच्या गच्चीवर कोणाचे मोजे वाळतायत ते बाबा सांगायला लागले, तरी बघूच. शेवटी काल बाईंचा निरोप आला. नावांची यादी सोमवारी सकाळी जाणार. रविवार संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही, एवढंच कळव.

आज रविवार होता.

पण या क्षणी तिच्या डोक्यात बाई नव्हत्या. ती पाय मोजत होती. मोजणं हा तिचा धंदाच होता. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती पंधरा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजत आली होती. शंभर मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. मुंगी सहा पायांवर चालत होती. सहा बरोबर होते. आणि वर हवेत धरलेल्या त्या दोन मिशा.

सहा आणि दोन आठ.

तिने तोंडातला चिमटा काढला. "बाबा, जरा बाहेर या. आणि येताना भिंग आणा."

बाबा घड्याळजी होते. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण डोळ्याच्या खोबणीत धरायचं भिंग अजून सदऱ्याच्या खिशात असायचं. ते आले, भिंग न लावताच फांदीकडे वाकले आणि म्हणाले की यात काय बघायचं, एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून दवाखान्यात नेतेय.

तेही खरंच होतं. मुंगीच्या तोंडात आणखी एक मुंगी दिसत होती. पुढे आलेलं लांबट डोकं आणि त्याच्या टोकाशी दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. या झाडावर पानं एकमेकांना शिवून तांबड्या मुंग्यांनी चेंडूएवढी घरं केली होती, आणि त्या मुंग्या एकमेकींना अशा उचलून नेतात हे बघूला ठाऊक होतं.

"दुसरीचे पाय दाखवा," ती म्हणाली.

बाबांनी आता भिंग लावलं. मग पुटपुटले, की बिचारीला पायच नाहीत.

"एकही नाही?"

"एकही नाही. मिशाही नाहीत. नुसतं डोकं आणि मान."

बघूने चादर दगडावर टाकली, ती अर्धी चिखलात गेली तरी तिला पत्ता नव्हता. गवताची एक काडी तोडून तिने फांदीला अलगद टेकवली. या मुंग्यांना डिवचलं की त्या मागच्या पायांवर उभ्या राहतात आणि चावतात. लिंबं काढताना तिने ते पुष्कळदा भोगलं होतं. ही मुंगी चावली नाही. तिने सरळ फांदीवरून उडी टाकली आणि वीतभर खाली हवेत थांबली. थांबली म्हणजे लोंबकळली. उन्हात तिच्या शेपटाकडून फांदीपर्यंत एक धागा चमकला.

"धागा," बघू म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "बाबा, धागा आहे."

ती धावत आत गेली आणि लॅबची नमुन्याची पारदर्शक डबी घेऊन आली. बाबांनी डबीकडे संशयाने पाहिलं आणि ही कोरीच आहे ना, असं विचारलं. कोरी आहे, ती म्हणाली, आणि तुम्हाला त्यात काही घालायचं नाहीये. डबी खालून वर नेत तिने धाग्यासकट तो ऐवज आत घेतला, झाकण लावलं, आणि दोघंही पायरीवर बसले. भिंग आळीपाळीने. बाबांनी डबी धरली, कारण त्यांचा हात तिच्याहून स्थिर होता; केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला हात.

तिने डोळे मोजले. पुढे चार, त्यातले मधले दोन मोठे, गाडीच्या दिव्यांसारखे. त्यांच्या मागे दोन सुईच्या टोकाएवढे. त्याच्याही मागे आणखी दोन. आठ. आणि हे सगळे मागच्या, खऱ्या डोक्यावर. पुढच्या मुंगीचे ते दोन काळे ठिपके डोळे नव्हतेच, नुसता रंग होता.

"मला दे," म्हणून बाबांनी भिंग ओढून घेतलं. त्यांनी डबीवर नखाने टकटक केलं आणि पुढच्याच क्षणी डबी हातातून सुटता सुटता राहिली.

"अगं, ती मेलेली मुंगी उघडली की!"

बघूने वाकून बघितलं ते फक्त खात्रीसाठी. तिला कळलं होतं, आणि कळल्याचं सुख पोटातून वर येत होतं. दुसरी मुंगी नव्हतीच. पहिलीही नव्हती. तो एकच कोळी होता, उड्या मारणाऱ्यांपैकी, मुंगीचं सोंग घेतलेला. आणि पुढची बिनपायांची मुंगी म्हणजे त्याचे जबडे होते, धडाच्या निम्म्याएवढे लांब. मिटले की ओझं, उघडले की दोन तलवारी. इतके लांब जबडे नरालाच असतात. मुंग्यांना वाटावं आपलीच, आणि किडे खाणाऱ्याला वाटावं ही तर चावरी मुंगी ओझं घेऊन चाललीय, हिच्या वाटेला जायला नको.

बाबा म्हणाले, सत्तर वर्षांत असा लबाड त्यांनी एकच पाहिला होता, आणि तो त्यांच्या शेजारी दुकान लावून बसायचा.

तिने डबीचे फोटो काढले, त्यातला बऱ्यापैकी एक बाईंना पाठवला, बरोबर एक अक्षरही लिहिलं नाही. पाच मिनिटांत फोन आला. बाईंनी हो की नाही विचारलं नाही. मुंग्या कशाला पाठवल्यास, असं विचारलं. एकीने दुसरीला धरलंय, छान आहे, पण मुंग्यांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे.

बाई चाळीस वर्षं कोळी बघत होत्या. लॅबमध्ये अशा वेळी ती 'बरं' म्हणायची. तिने लिहिलेल्या आकड्यांखाली डॉक्टरांची सही असायची, तिची नाही, आणि आकडा चुकला तर चूकही सहीवाल्याची. पंधरा वर्षांत 'हे अमुक आहे' असं तिने स्वतःच्या जबाबदारीवर एकदाही म्हटलं नव्हतं. संग्रहालयाच्या कामाची तिला भीती होती ती हीच. बाबांचे डोळे हे आपलं सोयीचं कारण होतं. बाबा तिच्याकडे बघत होते, डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून, जणू ती घसरून पडली तर सगळंच पडेल.

"नाही बाई," बघू म्हणाली. "मुंग्या नाहीत. एकच कोळी आहे, नर. आठ पाय आहेत, पुढचे दोन तो मिशांसारखे वर धरतो. पुढे जी मुंगी दिसते ते त्याचे जबडे आहेत, मी उघडलेले पाहिलेत. आठ डोळे मोजलेत, चार, दोन, दोन. आणि तो धाग्यावर उतरला."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, बाई चष्मा शोधत असाव्यात. मग एकदम त्यांचं हसू ऐकू आलं, मोठं, वर्गात कधीही न ऐकलेलं. फसवलंस गं, त्या म्हणाल्या, नाही, त्याने फसवलं, मला, या वयात. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, एकावर एक. लांबी किती, जबडे वगळून किती, झाड कुठलं, मादी दिसली का, घरटं पाहिलंस का. या गावाकडून आलेल्या माद्या त्यांच्याकडे चार होत्या, नर एकही नव्हता. आठ मिलिमीटर, बघू म्हणत होती, जबडे धरून बारा, आणि उत्तर देतानाच तिची नजर फांद्यांवरून पुढचा शोधत होती.

"चिठ्ठी लिहायला घेतलीय," बाई म्हणाल्या. "जागा, तारीख, झाड. खाली दोन ओळी असतात. पकडला कोणी, आणि ओळखला कोणी. पकडला तू. ओळखला कोणी लिहू?"

"मी," बघू म्हणाली. "माझं पूर्ण नाव लिहा."

पेन चालल्याचा आवाज आला. मग बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, की त्यांच्यासमोर आणखी एक कागद आहे आणि त्यावर एक जागा मोकळी आहे. त्या काही विचारणार नव्हत्या. विचारून झालं होतं.

बघूने सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंग डोळ्यातून काढलं, सदऱ्याला पुसलं.

"माझे डोळे बरे झालेत, पोरी," ते म्हणाले. "त्यांच्याआड लपायला आता जागा नाही. आणि जेवण मला तुझ्यापेक्षा बरं करता येतं, हे तुलाही माहीत आहे."

डबीत कोळ्याने जबडे मिटले आणि पुन्हा ओझं उचललेली मुंगी होऊन तो तळाशी फिरू लागला. बघूने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आवाज चोख निघाला.

"बाई, माझं नाव घाला. लॅबमध्ये मी उद्या सकाळी राजीनामा देते."