सांगाड्याच्या हातातला पेला

मित्रांनो, लगेच डोळ्यांवर हात ठेवू नका. मी एक जुनं चित्र आहे, आणि माझ्यातला सांगाडा कुणाला चावत नाही. खरं तर तो माझा नाहीच.

माझा जन्म साथीच्या वर्षातला. इस्पितळाच्या दालनात लावायला साथीचं चित्र हवं होतं. चित्रकाराने जुन्या चित्रांत पाहिलं होतं तेच माझ्यावर कोळशाने रेखाटलं: आभाळातून पडणारे बाण, नाक दाबून पळणारी माणसं आणि मधोमध दात विचकणारा सांगाडा. त्याची बायको त्याच इस्पितळात रोग्यांची सेवा करायची. घरी आली, हात धुतले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हा कोण?"

"साथ."

"मी रोज तिथेच असते. मला नाही भेटला कधी. सगळे नुसतं पाणी मागतात रे."

चित्रकाराने फडकं घेऊन सांगाडा पुसला आणि त्या जागी तिलाच उभं केलं, हातात पाण्याचा पेला देऊन. चेहरा तेवढा रंगवायचा राहिला होता, आणि ती तापाने पडली. ती उठलीच नाही. चेहरा त्याने आठवणीने रंगवला. भुवईवरचा तीळसुद्धा विसरला नाही.

बरे होऊन घरी निघालेले लोक माझ्यापुढे थांबायचे. तिला ओळखायचे.

पुढे ते लोक राहिले नाहीत. नवे व्यवस्थापक आले. म्हणाले, "साथीचं चित्र आणि सांगाडा नाही? नवऱ्याशिवाय वरात झाली ही!" दुसरा रंगारी बोलावला. एका दुपारीत त्याने तिच्यावर हाडं फासली. मित्रांनो, तो ब्रश तिच्या उघड्या डोळ्यांवरून फिरला, आणि मला ओरडता आलं नाही. तेव्हापासून मला बघून मुलं आईच्या पदरात तोंड लपवू लागली.

कितीतरी वर्षांनी मी संग्रहालयात आलो. चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई ओल्या कापसाच्या बोळ्याने माझा मळ काढत होत्या. एक हाड निघालं. खालून गुलाबी बोट आलं, मग पेला. बाईंचा हात तिथेच थबकला.

"अगं, तू कोण?"

संग्रहालयाचे प्रमुख धावत आले. "पुरे, इथेच थांबा. लोक लांबून येतात ते सांगाड्यासाठी."

मला तसंच भिंतीवर लावलं. सांगाड्याला जिवंत हात, हातात पाणी. एके दिवशी प्रमुखांची नात आली.

"आजोबा, हा मेलाय ना? मग पाणी कसं देतोय?"

"तो नाही देत, बाळा. त्याच्या मागे कुणीतरी आहे. झाकलं गेलंय."

"मग श्वास कसा घेत असेल?"

दुसऱ्या दिवशी आजोबांनीच मला पुन्हा बाईंच्या टेबलावर ठेवायला लावलं.

मित्रांनो, साथीचं चित्र काढाल तेव्हा सांगाडा हवा तर काढा, पण पाणी देणाऱ्याला आधी जागा ठेवा. आणि जुन्यावर नवं फासण्याआधी विचारा, खाली कोण आहे.

आज बोळा भुवईपर्यंत आला. तीळ तिथेच आहे.