मिक्सरचा उत्तररंग

एक जानेवारीच्या सकाळी आमचे शेजारी गंगाधरकाका यांनी घरखर्चाचा नवा कायदा जाहीर केला. "यापुढे ज्याला पैसे हवेत, त्यानं कीर्तनातून मागायचे. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात कथा. श्रोत्यांचे डोळे पाणावले तर खर्च मंजूर."

काकांना कीर्तनाची गोडी जन्माची, आणि वाणसामानाच्या बिलाची धास्तीही तितकीच जुनी. दोन्हींची सोय एका फटक्यात लागली. सांगलीच्या गावभागात त्यांचं नि आमचं दार शेजारी-शेजारी, म्हणून श्रोते आम्हीच. देवाचं नाव कुठल्याही निमित्तानं कानी पडलं तरी गोडच लागतं.

पहिल्या आठवड्यात खर्च खरोखर आटला. ऋचा, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, मोबाईलच्या रिचार्जसाठी उभी राहिली आणि उत्तररंगात अडखळली. नामंजूर. मग गॅसवाला यासीन आला, सिलिंडर खांद्यावर घेऊन.

"आवं काका, बिल द्या की. मला कुटं गायला येतंय?"

"भाव असला की पुरे, यासीन."

"भाव वाढलाय, त्येच तर सांगतोय!"

शेवटी सिलिंडर टेकवून त्यानं कथा लावली. चार मजले चढून गेला, बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, आमचं नव्हे, समोरच्या बिल्डिंगमधलं. आम्ही हसून हसून डोळे पुसले. पाणी हसण्याचं की रडण्याचं, हे कायद्यात नव्हतं. यासीनला पैसे मिळाले.

अडकल्या त्या पद्माकाकू. घरातला मिक्सर आवाज गल्लीभर करी, पण दाणे जसे टाकावे तसे बाहेर येत. काकू पाट्यावर वाटत होत्या आणि उजवं मनगट टम्म सुजलं होतं. नवा मिक्सर हवा होता. पण चारचौघांत त्यांच्या तोंडून आरतीसुद्धा फुटत नसे.

"आईचं कीर्तन मी करते," ऋचा म्हणाली.

"ज्याचं त्यानं करायचं," काका म्हणाले. "आणि हो, आज लसणीची चटणी कर गं."

काकूंनी मनगटाकडे पाहिलं, मग काकांकडे. आणि लसूण सोलायला घेतला.

संक्रांत तोंडावर आली, तीळ-दाण्याच्या कुटाचा डोंगर समोर दिसू लागला. त्या संध्याकाळी काकूंनी बैठकीत पाट मांडला, त्यावर मिक्सर ठेवला आणि त्याच्या गळ्यात काकांचं उपरणं घातलं.

"मी नाही. हा मागेल," म्हणाल्या आणि बटण एकवर फिरवलं.

घुर्रर्र... एखाद्या मुरलेल्या बुवांनी नमन धरावं तसा सूर! पेटीवर बसलेल्या गल्लीतल्या बनुबाई सूर चाचपडत म्हणाल्या, "अगंबाई, काळी दोन!" आणि त्यांनी साथ धरली. आम्ही टाळ उचलले. पूर्वरंग संपला तेव्हा काकांनी, रिवाज म्हणून, स्वतः उठून झाकणाला बुक्का लावला, हार घातला.

"आता उत्तररंग," काकू म्हणाल्या आणि बटण तीनवर नेलं.

काय ती आर्तता! पाट थरथरला, हार उडाला, आतून धूर निघाला. बैठकीत एकही डोळा कोरडा राहिला नाही. लोक धुराला दोष देतात, मी देणार नाही.

काका हुंदके देत म्हणाले, "इतकी वर्षं हा बुवा आपल्या घरात होता, आणि आपण त्याला दाणे वाटायला लावले!"

"मंजूर का?" काकूंनी विचारलं.

"मंजूर, मंजूर!"

दुसऱ्या दिवशी नवा मिक्सर आला. जुन्याला लोणंदहून कीर्तनाचं निमंत्रणही आलं. काकांनी कळवलं, "बुवांचा घसा बसलाय. ज्येष्ठमध चालू आहे." आणि खरंच रोज सकाळी ते त्याच्या भांड्यात ज्येष्ठमधाची पूड घालतात.

स्वयंपाकघरात काकूंनी नव्या मिक्सरमध्ये तीळ घातले, डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं, आणि उजवा हात पदरात गुंडाळून निवांत उभ्या राहिल्या.