मोआताराची उभी पाटी

आमच्या जिनिव्हाच्या सभागृहात बोलायचं असेल तर कुणी हात वर करत नाही. टेबलावर देशाच्या नावाची पाटी आडवी ठेवलेली असते, ती उभी करायची. अध्यक्ष नाव पुकारतात आणि तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटं झाली की लाल दिवा लागतो आणि माइक बंद होतो. तो बंद करणारी मी, जोझियान बर्थू. बावीस वर्षं पाट्या पुसते, चिठ्ठ्या पोचवते आणि मोठमोठ्या लोकांची वाक्यं अर्ध्यात तोडते.

यंदा टेलिफोन आणि इंटरनेटच्या जागतिक कराराची बोलणी चालली होती. ज्या वाक्यावर एकमत नसतं, ते आमच्याकडे चौकोनी कंसात टाकतात. दोन आठवडे सहाशे माणसांनी डोकेफोड केली, आणि शेवटच्या शुक्रवारी सकाळी पाहिलं तर अख्खा करारच कंसात होता. तारीखसुद्धा.

अगदी मागच्या रांगेत मोआतारा नावाचा बेटांचा देश बसायचा. शिष्टमंडळ म्हणजे एकटे लावाकी. त्यांना एकच वाक्य हवं होतं: समुद्राखालची तार तुटली, तर शेजारच्या देशाने संकटात सापडलेल्यांचे फोन ताबडतोब आणि फुकट पोचवावेत. ते तीनदा बोलले. आधी अध्यक्षांना वंदन, मग यजमान शहराला, मग समुद्राला. एवढ्यात तिसरं मिनिट संपत यायचं. तिन्ही वेळा ते "माझी बहीण मालिया" एवढं म्हणाले आणि मी माइक बंद केला. तिसऱ्या वेळी माझी मलाच लाज वाटली.

"साहेब, ती वंदनं जरा आवरा की," मी कॉफीच्या रांगेत त्यांना म्हटलं.

"मादाम, समुद्राला नमस्कार न करता समुद्राची तक्रार कशी करू? घरी गेल्यावर आई कान उपटेल माझे."

शुक्रवारी त्यांची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. जेवणाच्या सुट्टीत कोट खुर्चीवर ठेवून ते दातांच्या डॉक्टरकडे निघाले.

"तेवढ्यात माझं वाक्य नाही ना उडवणार?"

"निर्धास्त जा हो. तेवढ्यात इथे स्वल्पविरामही हलत नाही."

मी तोंडघशी पडले. अडीच वाजता अध्यक्ष आयकेलँड, एरवी डुलक्या काढणारे नॉर्वेचे गृहस्थ, एकदम कामाला लागले. सहाच्या ठोक्याला दुभाषे उठणार होते. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की ज्या कंसातल्या वाक्यासाठी कुणी पाटी उभी करणार नाही, ते वाक्य खलास. हातोडा धडाधड आपटायला लागला. मोआताराचं वाक्य आलं.

"कुणाला काही म्हणायचंय? नाही ना? मग हे—" अध्यक्षांचा हातोडा हवेतच थांबला. "मोआतारा, बोला."

मी मागे वळून पाहिलं. मोआताराची पाटी उभी होती. आणि मला आठवलं. सुट्टीत कुणीतरी त्या टेबलावर कॉफी सांडली होती. मी पाटी पुसली, वाळायला उभी केली आणि विसरले.

"मोआतारा?" खुर्चीवर नुसता कोट.

माझं चुकलं, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नोकरीच्या भीतीने मी मूग गिळून बसले.

"सभात्याग केलेला दिसतो," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "पाटी उभी ठेवून! बावीस वर्षांत असं पाहिलंय, जोझियानबाई?"

"नाही बुवा," मी म्हटलं. ते तरी खरं होतं.

उभ्या पाटीवर हातोडा मारता येत नाही. सगळं अडलं. पहिल्या रांगेत दोन बडे देश होते. एकाचे प्रमुख निळ्या टायवाले, दुसऱ्याच्या प्रमुख मोत्यांची माळ घालणाऱ्या बाई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. निळ्या टायला वाटलं मोआताराला बाईंची फूस आहे, बाईंना वाटलं निळ्या टायची.

तीन वाजता निळ्या टायने माझ्या हाती चिठ्ठी दिली: तळटीपेत घेऊ. मी ती कोटासमोर ठेवली. पाटी उभीच.

"काही बोलले?" निळ्या टायने विचारलं.

"एक शब्द नाही."

"बाप रे, पक्का माणूस दिसतोय."

साडेतीनला बाईंची चिठ्ठी आली: परिशिष्टात घेऊ. कोट गप्प. चारला दोघांची मिळून एक चिठ्ठी आली: मूळ करारात, कलम पाच, कंस काढून. बावीस वर्षांत या दोघांना एका कागदावर सही करताना मी पाहिलं नव्हतं. आता भीती जाऊन मला गंमत वाटायला लागली होती.

तेवढ्यात दारात लावाकी आले, तोंडात कापसाचा बोळा. मी धावत जाऊन त्यांना अडवलं.

"आत यायचं नाही!"

"अं?"

"तुमची खुर्ची भाव खातेय. तुम्ही दिसलात की सगळं मुसळ केरात." मी तिन्ही चिठ्ठ्या दाखवल्या आणि झालेला घोटाळा सांगितला. ते शेवटची चिठ्ठी दोनदा वाचून भिंतीला टेकले.

"होन आठवहे," ते बोळ्यातून म्हणाले. "दोन आठवडे बोहलो मी." त्यांचे डोळे भरून आले होते. हसू आवरेना म्हणून की कशाने, ते मी विचारलं नाही.

"मान्य आहे का तेवढं सांगा."

त्यांनी मान हलवली. मी फडकं घेऊन आत गेले, टेबल पुसलं आणि पुसता पुसता पाटी आडवी केली. हातोडा पडला. सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी मोआताराच्या लवचीक भूमिकेचे आभार मानले.

सहा वाजता सगळे विमानतळाकडे पांगले. लावाकी आत आले, कोट घातला, बोळा रुमालात गुंडाळला आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढला. मग त्यांनी आपली पाटी उभी केली.

रिकाम्या सभागृहात मी माझ्या बटणांपाशी जाऊन बसले. "मोआतारा, बोला," मी म्हटलं.

त्यांनी अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीला वंदन केलं, मग शहराला, मग समुद्राला. "माझी बहीण मालिया," ते म्हणाले, आणि लाल दिवा लागला. सवयीने त्यांनी कागद खाली ठेवला.

मी हात मांडीवर ठेवले. "पुढे वाचा, साहेब."

"माझी बहीण मालिया बाळंतपणात अडली तेव्हा तार तुटून सहा दिवस झाले होते. डॉक्टरांची लाँच शेजारच्या बेटावर होती, चाळीस मिनिटांवर. तिने अकरा वेळा फोन लावला."