मारुतीभाऊजींचा बंद प्रोग्राम

मिल बंद पडली आणि माझे दीर, मारुतीभाऊजी, घरी बसले. मिलचे इलेक्ट्रिशियन ते. त्यांनी नळाच्या वेळेला पाण्याची मोटर आपोआप चालवणारा डबा बनवला. मोहल्ल्यात घरोघरी लागला.

पण आतला प्रोग्राम कोणाला दाखवेनात. "वहिनी, खुला केला तर सगळे नक्कल करतील. मग मी काय खाऊ?"

पुढे नळाची वेळ बदलली आणि भाऊजी टायफॉइडनं आडवे. डबे जुन्याच वेळेला चालू होत, नळाला पाणी नाही; कोरड्या मोटरी अशा ओरडल्या, की आमच्या राजवाड्याची कबुतरं सीधी उज्जैनला पळाली!

शेजारची अनुश्री, इंजिनियरिंगवाली, म्हणाली, "काका, प्रोग्राम देऊन टाका ना, मी वेळ बदलते."

दिला बिचाऱ्यांनी, डोळे मिटून. नक्कल तर सगळ्यांनी केली. पण तार जोडताना झटका बसला, की पैसे देऊन बोलावणं भाऊजींनाच. पार सांवेर गावाहूनसुद्धा!