पेन्सिलरावांची रेघ

सुपरहिरोंच्या त्या मासिकाला चोवीस वर्षं झाली होती, आणि पहिल्या अंकापासून ते दोघांच्याच हातचं होतं. एक पेन्सिलीने चित्रं काढायचा. दुसरा त्यांवर शाई फिरवून खालची पेन्सिल खोडून टाकायचा. ऑफिसात त्यांना पेन्सिलराव आणि शाईराव म्हणत. गोष्टीतले पाच वीर एकमेकांच्या जिवावर निर्धास्त असत. त्यांतली उडणारी बाई खाली न बघता अंग झोकून द्यायची, आणि पैलवान तिला अलगद झेलायचा. पेन्सिलराव मनातल्या मनात स्वतःला तो पैलवान समजत.

वर्षभरापासून शाईराव पानं द्यायला फार वेळ लावू लागले होते. दोन दिवसांच्या कामाला आठवडा. अंक दोनदा उशिरा निघाला आणि बोलणी बसली पेन्सिलरावांना. शाईरावांचं टेबल दहा पावलांवर होतं, पण यांचा राग नाकाच्या शेंड्यावर. ते तडक संपादकबाईंकडे गेले आणि म्हणाले, त्याचा हात आता चालत नाही, दुसरं कुणीतरी बघा. बाईंनी बघितलं. शाईराव ब्रश धुऊन, डब्यात भरून घरी गेले.

त्यांच्या जागी शाईला आलेली नवी मुलगी भलतीच चटपटीत निघाली. तिसऱ्या दिवशी आठ पानं टेबलावर हजर. पानं बघून पेन्सिलरावांचं डोकंच फिरलं. पैलवानाचा दंड थरथरत होता, उडणाऱ्या बाईचा जबडा जागोजागी तुटला होता. त्यांनी मुलीला फाडफाड बोलून घेतलं. शाई फिरवण्याआधी ती प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवायची. तिने तो गठ्ठा समोर ठेवला.

पेन्सिलरावांनी एकेक झेरॉक्स शाईच्या पानाशेजारी धरून पाहिली. थरथर त्यांचीच होती. मुलीने इमानेइतबारे रेघेवर रेघ फिरवली होती, इतकंच. हात जरासा कापतो हे त्यांना ठाऊक होतं. पण छापलेलं पान बघितलं की वाटायचं, कागदावर अजून आपण पक्के आहोत. प्रत्येक रेघ सावरत बसलेल्या माणसाला आठवडा लागणारच. आणि पुरावा तर तो स्वतःच खोडून टाकत होता. पेन्सिलरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते शाईरावांच्या घरी गेले. वहिनींनी नेहमीसारखं "या भावजी" म्हटलं, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. पेन्सिलरावांनी सगळं सांगून टाकलं, माफी मागितली, परत चल म्हणून गळ घातली. शाईराव मान खाली घालून ऐकत होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?" पेन्सिलरावांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू पेन्सिल खाली ठेवली असतीस."

"मग आता तरी चल."

शाईरावांनी नकारार्थी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच पेन्सिलरावांना सोसवेना.

"उशीर का होतोय, हे तू मला विचारलं असतंस तर मी काहीतरी थाप मारली असती," शाईराव म्हणाले. "पण लेका, विचारायचंस तरी."